छाटणी : करवत हाती घेण्यापूर्वी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये एक विषय हमखास निघतो. आवारातील गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष फार वाढला आहे, त्याची एक फांदी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकली आहे, खाली मोटारी उभ्या असतात, मुले खेळतात. पावसाळ्यापूर्वी काहीतरी केलेच पाहिजे. ही भीती खोटी नसते. झाड किंवा फांदी अंगावर पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात मुंबई-पुण्यातून येतातच. ज्या सभासदांनी ते झाड रोप असताना लावले, उन्हाळ्यात बादलीने पाणी घालून जगवले, त्यांची हळहळही खोटी नसते. मग बहुधा तडजोड होते : झाड पाडायचे नाही, मात्र चांगले खाली आणायचे. दोन दिवसांत माणसे येतात, कोयते आणि करवती चालतात आणि संध्याकाळी आवारात एक खोड आणि त्यावर चार खुंट एवढेच उरते. सगळे निश्चिंत होतात.

प्रत्यक्षात त्या झाडापासूनचा खरा धोका पुष्कळदा त्याच दिवशी सुरू झालेला असतो. हे कसे घडते, हे समजून घेतले तर झाडही वाचते आणि त्याखालून जाणारा माणूसही.

झाडाची जखम भरत नाही

माणसाला कापले तर काही दिवसांनी त्या जागी नवी त्वचा येते. आपण नकळत हीच कल्पना झाडालाही लावतो. झाडाची रीत मात्र निराळी आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या आतील जुन्या जखमांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तिकेच्या रूपाने मांडले. त्यांचे सार असे, की झाड जखमी झालेले लाकूड दुरुस्त करीत नाही. ते त्या भागाभोवती आतून तट उभारते आणि कुजण्याची प्रक्रिया त्या तटांच्या आत कोंडण्याचा प्रयत्न करते. बाहेरून नवे लाकूड आणि नवी साल चढत जाते व कालांतराने जखम झाकली जाते. आतील जुनी जखम मात्र झाड जिवंत असेपर्यंत तशीच राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी आहे. जखमेनंतर तयार झालेले लाकूड बहुतेक वेळा निरोगी राहते, म्हणून आतून पोकळ असलेले झाडही वर्षानुवर्षे खंबीर उभे राहू शकते. लोखंडी नळी पोकळ असते म्हणून ती लगेच वाकत नाही, तसेच हे. पोकळी दिसली म्हणून झाड पाडण्याची घाई करू नये. बाहेरचे निरोगी लाकूड किती जाड आहे, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट सावध करणारी आहे. प्रत्येक काप ही झाडाने कायम वागवायची जखम असते. मनगटाएवढ्या फांदीचा काप काही वर्षांत झाकला जातो. मांडीएवढ्या फांदीचा काप पुष्कळदा कधीच झाकला जात नाही आणि पाणी, बुरशी व कीड यांना तेथे उघडे दार मिळते.

कापावर डांबर किंवा रंग फासण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही दिसते. त्याने कूज थांबत नाही. उलट त्या थराखाली ओल टिकून राहू शकते. आंबा-डाळिंबाच्या बागांत कापावर बोर्डो पेस्ट लावतात, ती ताज्या कापातून बुरशी शिरू नये म्हणून. पण चुकीच्या जागी घेतलेला काप कोणत्याही लेपाने बरोबर होत नाही.

शेंडा उडवण्याचे परिणाम

झाड 'खाली आणण्यासाठी' मुख्य फांद्या मधूनच उडवल्या, की दोन-तीन महिन्यांत त्या खुंटांवर भराभर धुमारे फुटतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड नव्याने बहरले. वास्तविक ती झाडाची निकड असते. पाने ही झाडाची मिळकत आणि खोडात, फांद्यांत, मुळांत साठवलेले अन्न ही त्याची ठेव. बहुतेक पाने एकाच दिवशी गेली, की मिळकत बंद होते आणि ठेव मोडून नवी पालवी काढण्याखेरीज झाडापुढे मार्ग उरत नाही. म्हाताऱ्या झाडाकडे ती ठेवही तुटपुंजी असते. अशी झाडे छाटणीनंतर वर्ष-दोन वर्षांत वठू लागतात.

धोका पुढेच असतो. नैसर्गिक फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षे वाढते आणि दोघांचे लाकूड एकमेकांत गुंतत जाते. धुमारा मात्र खुंटाच्या सालीलगतच्या थरातून निघतो. त्याची पकड वरवरची असते. तीन-चार वर्षांत हे धुमारे मनगटाएवढे जाड आणि दोन-तीन पुरुष उंच होतात, तर त्यांच्याखालचा खुंट दरम्यान कुजत गेलेला असतो. कुजक्या पायावर जड फांद्यांचा झुपका उभा राहतो आणि एखाद्या जूनच्या संध्याकाळी तो तुटतो. ज्या भीतीपोटी झाड उडवले, ती अशा रीतीने उडवल्यामुळेच खरी ठरते. शिवाय एरवी सावलीत असलेली कोवळी साल एकाएकी उन्हात आल्याने भाजून तडकते, ते वेगळेच.

दुसरी चूक दिसायला नीटनेटकी असते. झाड 'विरळ' करताना आतील लहान फांद्या साफ काढतात आणि टोकाला तेवढे झुबके ठेवतात. त्यामुळे फांदीचे सारे वजन टोकाकडे जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. हा दाब लांब फांदीच्या टोकावर पडला, की बुडावरचा ताण किती वाढेल याची कल्पना करता येते. आतील लहान फांद्या या ताणाची वाटणी करीत असतात. त्या निरुपयोगी नसतात.

किती छाटावे?

वृक्षतज्ज्ञ सर्वसाधारणपणे असे मानतात, की तरुण, निरोगी झाडाचाही एका वर्षात पानांनी भरलेला एक चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये आणि जुन्या झाडाचा त्याहून पुष्कळच कमी. ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. वाळलेल्या, मोडलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या, की बहुतेक झाडांचे काम तेथेच संपते. त्यानंतरही एखादी फांदी खिडकीकडे किंवा रस्त्यावर लांबवर झुकत असेल, तर ती मधूनच तोडू नये. तिच्यातून निघालेल्या एखाद्या सशक्त उपफांदीपर्यंत ती आखूड करावी, म्हणजे ती उपफांदी पुढे टोकाची जबाबदारी घेते. ही उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी.

जैन मंदिरांच्या भिंतींवर किंवा पाठशाळेच्या पुस्तकांत षट्लेश्येचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिल्याला झाड मुळासकट उपटायचे असते, दुसऱ्याला खोड तोडायचे असते, तिसऱ्याला मोठ्या फांद्या, चौथ्याला लहान डहाळ्या. पाचवा केवळ फळे तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंत परिणामांची ही पायरी समजावताना शास्त्रकारांनी झाडाचाच दाखला घ्यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गरज सहाही जणांची एकच होती. इजा किती करायची, याचा निर्णय मात्र प्रत्येकाचा निराळा होता. छाटणीला उभा राहिलेला जाणकार माणूस स्वतःला हाच प्रश्न विचारतो : जे साधायचे आहे, ते कमीत कमी किती कापून साधेल? गृहस्थाला आरंभ सर्वथा टाळता येत नाही. यत्नाचार मात्र पाळता येतो.

कुठे कापावे?

फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे तिच्या बुडाशी एक किंचित फुगीर कडे असते आणि वरच्या बेचक्यात सालीची खडबडीत वळी दिसते. झाडाची संरक्षणव्यवस्था या कड्यात असते. काप त्या कड्याच्या लगत, पण बाहेर घ्यावा. खोडाशी अगदी सपाट कापले तर हे कडेच निघून जाते व जखम खोडात उतरते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि झाडाला वरून साल चढवता येत नाही. योग्य काप घेतला, की वर्षभरात त्याभोवती सालीची गोल, उठावदार कडा येऊ लागते. छाटणी चांगली झाली की नाही, याची ती पावतीच.

जड फांदी एका कापात तोडली, तर ती अर्धवट तुटून खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप घ्यायचे असतात. पहिला खोडापासून साधारण एक-दीड फूट अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. या कापाने फांदीचे वजन खाली येते. उरलेला खुंट हाताने आधार देऊन तिसऱ्या कापाने कड्याबाहेर काढायचा. अंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर पुरे, त्याहून मोठीला धारदार करवत. कोयता आणि कुऱ्हाड यांनी लाकूड चिरफाळते. छाटणीसाठी ती हत्यारे नव्हेत. रोगट झाडावर वापरलेले पाते स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये.

आंब्यावरील बांडगूळ हा छाटणीचा एक खास प्रसंग. ही परजीवी वनस्पती फांदीत आपली मुळे रुतवून तिच्यातील पाणी व क्षार घेते. नुसती तिची पाने ओरबाडून उपयोग होत नाही, ती पुन्हा फुटते. ती जेथे चिकटली आहे त्याच्या खालून फांदी काढावी लागते, आणि तेही तिची फळे पिकण्यापूर्वी. कारण फळे खाणारे लहान पक्षी तिचा चिकट बी शेजारच्या फांद्यांवर नेऊन लावतात.

कधी छाटावे?

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हा प्रश्न विचारावा लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर त्याचे वर्ष बांधलेले असते. द्राक्षवेल मात्र फळासाठी छाटतात आणि ती मांडवावर टेकलेली असते. सावलीच्या झाडाला स्वतःचा भार स्वतःच पेलायचा असतो. तरी या बागायतदाराकडून एक गोष्ट शहरांनी शिकावी : वेळापत्रक. मे महिन्यात झाडाकडे पहिल्यांदा पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. तेव्हा पालिकेकडे अर्जांची रीघ लागलेली असते, जाणकार माणसे मिळत नाहीत आणि जे मिळतात ते घाईत असतात.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आवारातील प्रत्येक झाडाभोवती एकदा सावकाश फिरावे. पावसाळ्याने कोणत्या फांद्या दुखावल्या, कोठे भेगा पडल्या, कोठे अळंबी उगवली, हे तेव्हा स्पष्ट दिसते. रीतसर परवानगी घेऊन मोठे काम हिवाळ्यात उरकावे. एप्रिलमध्ये पुन्हा एक फेरी मारली, की मे अखेरीस फारसे काही उरत नाही. वाळलेली, लोंबकळणारी फांदी मात्र कोणत्याही महिन्यात ताबडतोब काढावी.

या वेळापत्रकाला आणखी एक कारण आहे. कावळ्यांची घरटी उन्हाळ्याच्या अखेरीस भरतात. बगळे आणि पाणकावळे पावसाळ्यात चिंच, पिंपळ, पर्जन्यवृक्ष अशा झाडांवर वसाहती करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी घरट्यांनी भरलेले एक झाड पाडले गेले आणि अनेक पक्षी व पिले मेली. त्या दृश्याने देशभर संताप उसळला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे ही शिकारीच्या व्याख्येत येणारी गोष्ट आहे. करवत चालवण्यापूर्वी पाच मिनिटे वर पाहणे, ढोल्यांत डोकावणे आणि घरटे असल्यास पिले उडून जाईपर्यंत थांबणे एवढेच येथे करायचे असते.

रोग मुळाशी, औषध फांदीला

झाडे पडतात ती वरच्या वजनानेच, असा समज आहे. मुळासकट उन्मळलेले झाड जवळून पाहिले, तर बहुधा निराळेच दिसते. गटारासाठी, केबलसाठी किंवा कुंपणासाठी चर खणताना एका बाजूची मुळे कापलेली असतात; बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट आलेले असते; पाणी आणि हवा न मिळाल्याने उरलेली मुळे कुजलेली असतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळापुढे चांगली मुरलेली झाडेही टिकली नाहीत, हे खरे; परंतु साध्या पावसात, साध्या वाऱ्यात शहरातले झाड कोसळते, तेव्हा प्रथम मुळांचा विचार करावा. अशा झाडाच्या फांद्या कितीही छाटल्या तरी तो रोग रेड्याला आणि औषध पखालीला असाच प्रकार होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. संस्थेच्या आवारात हे काम पहार आणि फावडे यांनी एका सकाळी होते.

काही खुणा तातडीच्या समजाव्यात. बरीच वर्षे तिरके वाढलेले झाड सहसा स्वतःला सावरून असते. सरळ झाड एकाएकी कलले, कललेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेची जमीन उचलली गेली किंवा तेथे भेग पडली, बुंध्याशी अळंबीचे कडक छत्र आले, दोन समान जाडीच्या खोडांच्या बेचक्यात उभी चीर दिसू लागली, आंब्याच्या खोडाशी भिरुडाने पोखरलेला भुसा सतत पडू लागला, तर जाणकाराला बोलवावे आणि तोवर त्या झाडाखाली मोटारी व मुले येऊ देऊ नयेत.

परवानगी आणि माणसे

महाराष्ट्रातील शहरांत झाड आपल्या आवारात असले, तरी ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यास वृक्ष अधिकारी किंवा वृक्ष प्राधिकरण यांची परवानगी लागते, आणि 'तोडणे' या शब्दात झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याची हानी करणे हेही येते. म्हणून छाटणीसाठीही पालिकेच्या उद्यान किंवा वृक्ष विभागाकडे अर्ज करूनच काम करावे. २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण दिले आहे. अर्जासोबत झाडाची छायाचित्रे आणि नेमक्या कोणत्या फांद्या काढायच्या याची खूण दिली, तर काम सुकर होते. सभेच्या ठरावातही 'झाड कमी करणे' असे मोघम न लिहिता फांद्यांची संख्या आणि कारण लिहावे. मोघम ठरावाचा अर्थ शेवटी करवत हाती असलेला माणूस लावतो.

त्या माणसाचाही विचार व्हायला हवा. अनवाणी, कमरेला दोर न बांधता तीस फुटांवर चढलेला मजूर हे दृश्य आपल्या अंगवळणी पडले आहे. शिरस्त्राण, सुरक्षा पट्टा, फांदी दोराने सावकाश उतरवण्याची सोय आणि खाली रस्ता अडवून उभा असलेला एक माणूस, या गोष्टी दरपत्रक मागवतानाच अटींमध्ये लिहाव्यात. फांदी वीजतारांजवळ असेल, तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद केल्याशिवाय कोणीही झाडावर चढू नये. सर्वांत कमी दर देणारा ठेकेदार पुष्कळदा लाकडाच्या हिशेबाने काम घेतो. जास्त कापण्यात त्याचा फायदा असतो, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत स्वस्त छाटणी

हा सारा खर्च, भीती आणि वाद टाळण्याचा मार्ग झाडाच्या बालपणात असतो. लावल्यानंतर पहिले वर्ष रोपाला रुजू द्यावे. तेव्हा फक्त मोडलेले तेवढे काढावे. पुढची काही वर्षे दरवर्षी पंधरा मिनिटे दिली, तरी झाडाची हाडे नीट बसतात. मधला एक शेंडा सरळ ठेवावा. त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा शेंडा आखूड करावा, कारण पुढे वादळात चिरफाळते ती हीच जोडखोडाची बेचकी. बाजूच्या फांद्या खोडाच्या निम्म्याहून अधिक जाड होऊ देऊ नयेत. खालच्या फांद्या एकदम न काढता हळूहळू काढाव्यात. त्या खोड जाड होण्यास मदत करतात. या वयातला प्रत्येक काप बोटाएवढा असतो आणि वर्षभरात झाकला जातो. हेच काम तीस वर्षांनी करायचे, तर शिडी, दोर, ठेकेदार आणि परवानगी लागते, आणि तरी जखम उरतेच.

वडाच्या बाबतीत तर न कापणे हीच खरी निगा. रस्त्यावर लोंबतात म्हणून पारंब्या छाटल्या जातात आणि मग पसरलेल्या फांद्यांना आधार राहत नाही. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटवृक्षाची कथा येथे आठवावी. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि मुख्य खोड कुजत गेले. अखेर १९२५ मध्ये ते खोड पूर्णपणे काढून टाकावे लागले. झाड मात्र मेले नाही, कारण तोवर त्याच्या पारंब्या जमिनीत उतरून स्वतःच खांब झाल्या होत्या. आज तो वृक्ष मूळ खोडाविना अशा तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभा आहे. मे २०२० च्या अम्फान वादळाने त्याचीही पडझड केली, पण तो टिकला.

तेथे कापण्याचा निर्णय आवश्यक होता आणि तो घेतला गेला. वाचवण्याजोगे जे होते, त्याला हात लावला गेला नाही. सभेत आवारातील झाडाचा विषय निघेल, तेव्हा ठरावापूर्वी एवढेच करावे : सर्वांनी खाली उतरून त्या झाडाभोवती एक फेरी मारावी, बुंध्याशी वाकून पाहावे, फांद्यांकडे मान वर करून पाहावे आणि मगच ठरवावे. पुष्कळदा चार फांद्या, दोन पेव्हर ब्लॉक आणि एक कुजका खुंट एवढ्यावर काम भागते, आणि पुढच्या उन्हाळ्यात सावलीही जागेवर असते.